रात्री बारा वीसचं गाणं

१६ मार्च १९७४ ला पोर्तुगालमधल्या काल्दास द राइन्या या गावातली एक पलटण ट्रकांत बसून लिस्बनकडे निघाली. बेत सरकार उलथवायचा होता. बाकीच्या पलटणीही निघतील या भरवशावर ही निघाली, आणि बाकीच्या काही निघाल्या नाहीत. राजधानी जवळ आल्यावर लक्षात आलं की आपण एकटेच आहोत. गाड्या माघारी वळल्या, सुमारे दोनशे जण पकडले गेले.

या फजितीतून बंडखोर अधिकाऱ्यांना एक गोष्ट कळली. देशभर विखुरलेल्या तुकड्यांनी एकाच घटकेला हलायचं, तर सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जाईल असं काहीतरी हवं. फोनचा भरवसा नव्हता, लष्करी बिनतारी यंत्रणा सरकारच्या कानाच्या टप्प्यात. उरला रेडिओ. रेडिओवर उघड काही बोलता येत नव्हतं, पण गाणं लावता येत होतं.

साडेपाच आठवड्यांनी, २५ एप्रिलला रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी, रेडिओ रेनासेन्सावर ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागलं आणि संध्याकाळपर्यंत ४८ वर्षांची हुकूमशाही संपली. तेव्हापासून जगभर एक सोपी गोष्ट सांगतात: एका लोकगीतानं सरकार पाडलं. ती अर्धीच खरी आहे. सरकार पाडलं ते सैन्यानं, आणि काटेकोर बोलायचं तर ते लोकगीतही नव्हतं. पण त्या रात्री इशारा म्हणून दोन गाणी वाजली होती, हे या गोष्टीत सहसा येत नाही. दोघांनी सारखंच काम केलं. त्यातलं एक आज जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत लागतं आणि दुसरं मोर्चात म्हटलं जातं. असं का झालं, एवढ्यापुरतंच हे प्रकरण मी इथे उलगडून पाहतो आहे.

सरकारलाही लोकगीतं आवडत

१९२६ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, १९३२ मध्ये अर्थशास्त्राचा प्राध्यापक आंतोनियू सालाझार पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत राहिला. त्याच्यानंतर मार्सेलो कायतानो आला. छापायचं, बोलायचं, गायचं ते सगळं सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून जायचं. ‘पिडे’ या गुप्त पोलिसांचे खबरी कॉलेजांपासून कारखान्यांपर्यंत होते.

अशा राजवटीचं लोकगीतांशी वैर असेल असं आपल्याला वाटतं. होतं नेमकं उलट. सालाझारच्या प्रचार खात्याचा प्रमुख आंतोनियू फेर्रू यानं १९३८ मध्ये ‘पोर्तुगालमधलं सर्वात पोर्तुगीज गाव’ निवडायची स्पर्धा घेतली आणि मोन्सांतू या डोंगरावरच्या दगडी गावाला चांदीचा कोंबडा बक्षीस दिला. जागोजागी लोकनृत्याची मंडळं निघाली. इस्त्रीचे घागरे, रंगीत रुमाल, ठरलेली पावलं. गरीब पण समाधानी, देवभोळं, तक्रार न करणारं खेडं हे या राजवटीचं आवडतं चित्र होतं, आणि लोकसंगीत ही त्या चित्राची चौकट. तेव्हा गावाची, झाडाची, मैत्रीची गाणी सेन्सॉरच्या दृष्टीनं सोवळ्यातलीच. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा खेळ याच समजुतीवर चालला.

या चित्रात न मावणारी खेडीही होती. दक्षिणेतल्या आलेंतेजू प्रांतात मैलोगणती जमीन एकेका मालकाची, आणि तिच्यावर राबणारे रोजंदारीवरचे शेतमजूर. तिथे आठ तासांचा दिवस मजुरांनी झगडून मिळवला तो १९६२ मध्ये. त्याआधी १९५४ च्या मे महिन्यात बालेझाऊं गावाजवळ मजुरीवाढ मागायला गेलेल्या कातारीना एउफेमिया या तरुण मजूर बाईला राष्ट्रीय गार्डाच्या लेफ्टनंटनं गोळ्या घालून मारलं होतं. कम्युनिस्टांची भूमिगत वीण या भागात सर्वात घट्ट होती.

याच प्रांताचं गाणं म्हणजे ‘कांते’. वाद्य नाही. पुरुष दाटीनं, हातात हात गुंफून उभे राहतात. एकजण, त्याला पोंतू म्हणतात, पहिलं कडवं उचलतो. दुसरा, आल्तू, वरच्या पट्टीत त्याला मिळतो. आणि मग सगळा घोळका एकदम आत शिरतो. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी असतात त्याची आठवण होईल, पण इथे डफ-तुणतुणं नाही आणि घाई अजिबात नाही. लय असते ती दमलेल्या माणसाच्या चालण्याची. शेतावरून परतताना, गुत्त्यात, सणाला हे गाणं व्हायचं. २०१४ मध्ये युनेस्कोनं कांतेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच्या तीन वर्षं आधी फादू या शहरी गायनप्रकाराला घेतलं होतं.

सरकारी रंगसफेदीखालचं हे खरं गाणं कोणीतरी टिपून ठेवायला हवं होतं. ते केलं मिशेल जाकोमेत्ती या कॉर्सिकाहून आलेल्या माणसानं. १९५९ पासून तो टेपरेकॉर्डर घेऊन पोर्तुगालची खेडी हिंडला. त्याच्या जोडीला होता संगीतकार फेर्नांदू लोप्स-ग्रासा, स्वतः कम्युनिस्ट आणि तुरुंगाचं पाणी प्यालेला. त्याची ‘वीरगीतं’ १९४६ मध्ये छापून आली आणि त्यांवर बंदीही आली. मग त्यानं खेड्यातली गाणी गोळा करून समूहगायनासाठी बसवली. लोकगीतावर बंदी घालायची म्हणजे सरकारला स्वतःच्याच चौकटीवर बंदी घालावी लागली असती.

मास्तर

जुझे आफोन्सो, सगळे त्याला झेका म्हणत, १९२९ मध्ये आव्हैरूला जन्मला. वडील न्यायखात्यात, त्यामुळे लहानपण अंगोला आणि मोझांबिकमध्येही गेलं. कुईंब्राच्या विद्यापीठात तो काळी झूल पांघरून विद्यार्थ्यांचा फादू गायचा. पुढे शाळामास्तर झाला, मोझांबिकमध्ये १९६४ ते १९६७ शिकवलं, तिथली वसाहत जवळून पाहिली. परत आल्यावर १९६८ मध्ये त्याला सरकारी नोकरीतून काढून टाकलं. पुढे त्याचं नाव छापणंही अवघड झालं, तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांनी ते उलटं करून छापलं: ‘एसोझ ओस्नोफा’. निळ्या पेन्सिलीला ते म्हणे दिसलं नाही.

मोझांबिकला जाण्याआधीची गोष्ट. १७ मे १९६४ ला त्याला आलेंतेजूतल्या ग्रांदोला या छोट्या गावी गाण्याचं बोलावणं आलं. बोलावणारं होतं तिथलं कामगारांचं संगीत मंडळ, ज्याच्या नावातच ‘कामगार बंधुता’ हे शब्द होते. जागा अंधारी, साधनं जवळजवळ नाहीत, पण मंडळाचं स्वतःचं वाचनालय, आणि कोणी न सांगता पाळली जाणारी शिस्त. त्याच मैफिलीत गिटारवादक कार्लोस पारेदेस होता. झेका त्याच्या वाजवण्यानंही थक्क झाला. घरी गेल्यावर काही दिवसांतच त्यानं मंडळासाठी एक कविता लिहून पाठवली.

कविता अगदी साधी. सावळं गाव, बंधुभावाची भूमी, प्रत्येक कोपऱ्यावर एक मित्र, प्रत्येक चेहऱ्यावर समता, आणि ज्याचं वय कोणालाच ठाऊक नाही अशा जुन्या ओक वृक्षाच्या सावलीत घेतलेली शपथ. मध्ये एक ओळ आहे: इथे सर्वात जास्त चालतो तो जनतेचा हुकूम. चार ओळींचं कडवं झालं की त्याच चार ओळी उलट क्रमानं येतात, शेवटची आधी आणि पहिली शेवटी. सुताराच्या रंध्यासारखं, पुढे आणि मागे. ऐकणाऱ्याला पहिल्याच खेपेला पाठ होतं.

खडीवरची पावलं

कविता सात वर्षं तशीच राहिली. १९७१ च्या शरदात झेका पॅरिसजवळच्या एरूव्हिलच्या वाड्यातल्या स्टुडिओत ‘कांतिगाश दू मायू’ ही तबकडी ध्वनिमुद्रित करायला गेला. संगीत संयोजक होता जुझे मारियू ब्रांकू, वसाहतींच्या युद्धावर जायचं नाकारून फ्रान्समध्ये परागंदा झालेला. हे गाणं कांतेच्या ढंगानं करायचं असं त्याच्या मनात आलं. वाद्यं काढून टाकली. आलेंतेजूचे गडी चालत गातात, तेव्हा पावलं हवीत. पण स्टुडिओच्या लाकडी जमिनीवर ती खरी वाटेनात. मग रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर रात्री चौघे बाहेर अंगणातल्या खडीवर गेले आणि मायक्रोफोनभोवती पाय घासत चालले.

हेडफोन लावून ऐका. आधी फक्त पावलं येतात, खस्स-खस्स, बराच वेळ. माणसं किती आहेत कळत नाही. मग एकटा आवाज, थोडा चिरका, आणि त्याच्यावर एकदम सगळे. चौघांची ती चाल ऐकताना चारशे माणसं चालताहेत असं वाटतं. आणखी एक जाणवतं: ही पावलं सैनिकांचीही वाटू शकतात, मजुरांचीही. हे कोणी ठरवून केलं नव्हतं. पुढे ते कामी आलं एवढंच.

लोकगीत नाही म्हणालो ते यासाठी. कवी ठाऊक, तारीख ठाऊक, स्टुडिओ परदेशातला. पण घडण कांतेची, आणि त्या घडणीतच एक सोय आहे. सूर लावायला गळा तयार लागत नाही, वाद्य लागत नाही, शेजाऱ्याचा हात धरला की भागतं.

पेन्सिलीनं काय खोडलं नाही

२९ मार्च १९७४. काल्दासचं बंड फसून दोन आठवडेही झाले नव्हते. लिस्बनच्या कोलिझेऊ सभागृहात पत्रकारांच्या संस्थेनं पोर्तुगीज गाण्यांचा मेळावा भरवला. हजारो श्रोते, त्यांत साध्या कपड्यांतले पिडेवाले, आणि साध्या कपड्यांतले काही बंडखोर अधिकारीही. कार्यक्रमाची यादी आधीच सेन्सॉरकडून फिरून आली होती. झेकाची बरीच गाणी कापलेली: पोलिसांनी मारलेल्या चित्रकारावरचं गेलं, ‘व्हेन्याम माइश सिंकू’ म्हणजे ‘आणखी पाच जण येऊ द्या’ हे गेलं. ‘ग्रांदोला’ राहिलं.

‘जनतेचा हुकूम’ ही ओळ दिसली असूनही का राहिलं? माझा अंदाज असा की कागदावर वाचणाऱ्याला त्यात एका गावाचं कौतुक दिसलं, तेही अशा चालीत की जी सरकारी लोकनृत्य मंडळंही गात होती. सेन्सॉर शब्द वाचतो. हजार माणसं हात गुंफून तेच शब्द म्हणू लागली की त्यांचं काय होतं, हे त्याच्या टेबलावर दिसायची सोय नव्हती. त्या रात्री कोलिझेऊत शेवटी रंगमंचावरचे सगळे गायक आणि समोरचे सगळे श्रोते डोलत हेच गाणं गायले. सभागृहातल्या अधिकाऱ्यांनी ते ऐकलं.

इशाऱ्याच्या गाण्याची निवड मात्र भावनेच्या भरात झालेली नाही. बंडाची आखणी करणाऱ्या मेजर ओतेलो सारायवा द कार्व्हाल्योला दोन इशारे हवे होते. पहिला तयारीचा. तो २४ एप्रिलला रात्री दहा पंचावन्नला लिस्बनच्या एमिसोरेस आसोसियादूश या केंद्रावरून गेला: पावलू द कार्व्हाल्योचं ‘ए देपोइश दू आदेऊश’, ‘निरोपानंतर’. हे गाणं पोर्तुगालनं त्याच महिन्यात युरोव्हिजन स्पर्धेला पाठवलं होतं आणि ते शेवटच्या क्रमांकावर आलं होतं. जिंकला होता स्वीडनचा आबा हा चमू. रेडिओवर ते सारखं वाजत होतं, त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. पण त्या केंद्राचा पल्ला लिस्बनच्या आसपासचाच. सगळ्या देशाला ऐकू जाणारा दुसरा इशारा हवा होता, म्हणजे आता माघार नाही असं सांगणारा.

देशभर पोचणारं केंद्र मिळालं ते रेडिओ रेनासेन्सा, खुद्द कॅथलिक चर्चचं. त्यावर मध्यरात्रीनंतर ‘लिमिते’ नावाचा कार्यक्रम असायचा. अधिकाऱ्यांच्या मनात आधी झेकाचंच ‘व्हेन्याम माइश सिंकू’ होतं, पण रेनासेन्सावर त्याला बंदी. तेव्हा कार्यक्रमाशी संबंधित पत्रकार कार्लोस आल्बिनूनं ‘ग्रांदोला’ सुचवलं. म्हणजे इतिहासात गेलेलं हे गाणं मुळात बदली खेळाडू होतं. २४ तारखेच्या संध्याकाळी ‘रेपुब्लिका’ या दैनिकात एक बारीकशी टीप आली की आज रात्रीचा ‘लिमिते’ ऐकण्यासारखा आहे. बारा वीसला निवेदक लैते द व्हाश्कोन्सेलूश यांच्या आधी मुद्रित केलेल्या आवाजात पहिलं कडवं वाचलं गेलं, आणि मग ती खडीवरची पावलं सुरू झाली.

घरात थांबा

पुढचा घटनाक्रम अनेकांनी लिहिला आहे, थोडक्यात सांगतो. पहाटे रेडिओ क्लब पोर्तुगेश ताब्यात आला, सव्वाचारनंतर पहिलं निवेदन गेलं. सांतारेंच्या घोडदळ शाळेचा तीस वर्षांचाही नसलेला कॅप्टन साल्गैरू माया चिलखती गाड्या घेऊन लिस्बनच्या नदीकाठच्या चौकात पोचला, तिथून कार्मूच्या बराकीला त्यानं वेढा दिला. आत कायतानो. संध्याकाळी त्यानं जनरल स्पिनोलाच्या हाती सत्ता सोपवली. त्या दिवशी सांडलेलं बहुतेक रक्त पिडेनं सांडलं: मुख्यालयासमोर जमलेल्या गर्दीवर त्यांनी गोळ्या झाडल्या, चार माणसं गेली.

बंडखोरांची निवेदनं दिवसभर एकच सांगत होती: नागरिकांनी घरात थांबावं. नागरिकांनी ऐकलं नाही. ते रस्त्यावर आले, रणगाड्यांवर चढले, सैनिकांना खायला-प्यायला दिलं, आणि सेलेस्त काएरू या उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईनं हातातली कार्नेशनची फुलं सैनिकांना वाटली; ती बंदुकांच्या नळ्यांत खोचली गेली. लष्करी उठावाचं रूपांतर क्रांतीत झालं ते या अवज्ञेमुळे. सर्वात जास्त हुकूम कोणाचा चालतो, ही ओळ रात्री ऐकलेल्यांना दुपारी तिचा अर्थ चौकात दिसत होता. मला वाटतं गाण्याचं नशीब ठरलं ते इथे, बारा वीसला नव्हे.

कारण बघा: इशारा म्हणून दोन्ही गाण्यांची किंमत सारखी होती. शिवाय तिसरी धून होती. निवेदनांच्या मधोमध रेडिओ क्लबवर ‘अ लाइफ ऑन दि ओशन वेव्ह’ ही इंग्रजी कवायतीची धून वाजत होती, ब्रिटिश नौसैनिकांची, आणि काही काळ ती चळवळीची धून म्हणूनच ओळखली गेली. आज ती मोर्चात कोणी वाजवत नाही. ‘निरोपानंतर’ हे सुरेख प्रेमगीत आहे, पण ते एकट्यानं एकटीला म्हणायचं, मागे मोठा वाद्यमेळ लागतो, वरचे सूर सगळ्यांना झेपत नाहीत. ‘ग्रांदोला’ त्या गर्दीला लगेच तोंडात धरता आलं. अमालिया रोड्रिगेश, जिच्या फादूवर राजवटीची लाडकी म्हणून शिक्का बसू लागला होता, तिनंही १९७४ मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं.

गाण्याच्या बाजूनं इतकं बोलल्यावर तराजूचं दुसरं पारडंही पाहिलं पाहिजे. राजवट कोसळली ती आफ्रिकेतल्या युद्धांमुळे. अंगोलात १९६१ पासून, पोर्तुगीज गिनीत १९६३ पासून, मोझांबिकमध्ये १९६४ पासून लढाई चालू होती आणि संपत नव्हती. बंड करणारी कॅप्टन मंडळी एकत्र आली तीही आधी बढतीच्या नियमांवरून चिडून. गाणं नसतं तरी बंड झालं असतं; इशाऱ्याला दुसरं काहीतरी लागलं असतं. लोकसंगीताचं काम त्याआधीच्या पंधरा वर्षांतलं आहे: लोकांना बंदीच्या काळात एकत्र आवाज लावायची सवय ठेवणं. ते मोजता येत नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत आटपतं.

काशियस

या प्रकरणाचा एक धागा आपल्याकडे येतो. लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात राजकीय कैदी ठेवत. झेकालाही १९७३ मध्ये तिथे काही आठवडे डांबलं होतं. त्याच काशियसमध्ये आपले मोहन रानडे वर्षानुवर्षं होते. सांगलीचे रानडे गोव्यात मराठी शिकवायला गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पोर्तुगालला नेलं, आणि गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावरही ते १९६९ पर्यंत सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी इथे धडपडणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडके होते.

सालाझारनं गोवा गेल्याचं अखेरपर्यंत मान्य केलं नाही. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं कागदावर स्वीकारलं ते ३१ डिसेंबर १९७४ ला, म्हणजे त्या रात्रीनंतर आठ महिन्यांनी. करार करायला दिल्लीला आलेले परराष्ट्रमंत्री मारियू सोआरेश वर्षाच्या सुरुवातीला परागंदा होते. काशियसचे दरवाजे २६ एप्रिलच्या रात्रीच उघडले होते.

गाणं पुढे कुठे गेलं

क्रांतीनंतरचं दीड वर्ष धामधुमीचं गेलं. आलेंतेजूत मजुरांनी जमीनदारांची दहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन ताब्यात घेतली, आणि ग्रांदोलाची चाल तिथे परत गेली. ज्या रेनासेन्सावरून ती वाजली तेच केंद्र १९७५ मध्ये त्यातल्या कामगारांनी ताब्यात घेतलं. चर्च एका बाजूला, कामगार दुसऱ्या. शेवटी नोव्हेंबरमध्ये सरकारच्याच हुकमानं त्याचं प्रक्षेपण यंत्र स्फोटानं उडवलं गेलं. क्रांतीचा इशारा देणाऱ्या केंद्राची ही गोष्ट उत्सवी भाषणांत फारशी सांगत नाहीत.

झेका २३ फेब्रुवारी १९८७ ला सेतुबालमध्ये वारला. स्नायू निकामी करणाऱ्या आजारानं शेवटच्या वर्षांत त्याचा आवाजही खाल्ला होता. शवपेटीवर त्याच्या इच्छेप्रमाणे लाल कापड होतं, कुठल्याही पक्षाचं चिन्ह नसलेलं.

मग २०१३ उजाडलं. पोर्तुगाल कर्जात बुडालेला, युरोपीय संस्था आणि नाणेनिधी यांच्या अटींखाली पगार-पेन्शनला कात्री. १५ फेब्रुवारीला संसदेत पंतप्रधान पासूश कुएल्यो बोलत असताना प्रेक्षक सज्जातून काही जण उभे राहिले आणि ‘ग्रांदोला’ गाऊ लागले. त्यांना बाहेर काढलं. पण पुढच्या दिवसांत मंत्री जाईल तिथे हे होऊ लागलं, इतकं की भाषेत नवं क्रियापद आलं: ‘ग्रांदोलार’, म्हणजे एखाद्या पुढाऱ्याला ‘ग्रांदोला’ गाऊन गप्प करणं. तोपर्यंत गाणाऱ्यांतले बरेच जण १९७४ नंतर जन्मलेले होते. कवीचं नाव न विचारता गाणं तोंडी आलं होतं; लोकगीत म्हणायला आता हरकत नव्हती.

तीनच दिवसांनी गाया शहरात मिगेल रेल्वाश या मंत्र्याच्या सभेत लोकांनी सुरुवात केली. तो मंचावर हसत राहिला, आणि मग स्वतःही त्यांच्याबरोबर गाऊ लागला. त्याला शब्द येत नव्हते.